डबी क्रमांक ४११२

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
मी नऊ हजार डब्यांना एकदम सांगितलं:
क्षणभर निजा, आणि नव्या होऊन उठा.

फोंड्यात, सोड्याच्या बंद कारखान्याच्या माडीवर,
जिथे कपाट सरकवलं की अजून काचेच्या गोट्या निघतात,
मी आणि लिगोरियो स्क्रीनकडे बघत बसलो.
हिरवे ठिपके एकेक करून परतले:
दवाखान्यांतले लशींचे फ्रिज,
वेर्ण्याच्या वजनकाट्यांची रांग,
कुटबणच्या जेटीवरचे बर्फाचे कारखाने.
सकाळी सहाला सदतीस राखाडी.
लिगोरियो टेबलावर डोकं ठेवून झोपला होता,
गालावर कीबोर्डची अक्षरं.

दुपारपर्यंत छत्तीस आल्या.
कुठे वीज गेलेली,
कुठे कुणी प्लग काढून मोबाइल लावलेला.
एक उरली.
चोडण, खाजनाचा बांध, मानशीचं दार.

बाबा विचारतात, तू नेमकं बनवतेस काय?
डबी तुझी नाही. डबीतला चिपही तुझा नाही.
त्यांनी एकतीस वर्षं फेरीबोटींच्या इंजिनांत हात घातले,
नखांतलं काळं निवृत्त व्हायला तयार नाही.
मी म्हणते, लोकांच्या यंत्रांमधलं शहाणपण
शिळं होऊ नये, एवढं बघते. लांबून.
त्या 'लांबून'पाशी ते अडतात.
हात लावल्याशिवाय इंजिनाचा ताप
कळतो कसा?

सुरुवातीला आम्ही दोघं होतो.
उदेश बंगळूरला गेला,
जाताना सगळे पासवर्ड नीट लिहून देऊन.
भांडला असता तर बरं झालं असतं.

प्रत्येक डबीत दोन खोल्या असतात.
एकीत जुनं, चालू असलेलं.
दुसरीत नवं उतरतं, गुपचूप, तुकड्यातुकड्यानं.
नवं जागं झालं नाही तर डबी मुकाट
जुन्या खोलीत परतते
आणि काही घडलंच नाही अशी कामाला लागते.
यात आमचं विशेष काही नाही, सगळेच असं करतात.
वेर्ण्याची नोकरी सोडताना
मी केलं नाही.

रायबंदरहून फेरी. लॅपटॉप, केबल,
आणि पिशवीच्या तळाशी पान्यांचा संच,
बाबांनी न विचारता टाकलेला.
सबंध नदीभर मी मनात कोड वाचत होते,
चूक शोधत होते, सापडावी असंही वाटत होतं,
कारण एका डबीत चूक असेल
तर ती नऊ हजारांत आहे.

मानशीपाशी कायतान पाय सोडून बसलेला.
डबीचं झाकण उघडं, आत कोरडं, स्वच्छ, रिकामं.
"बॅटरी? ती हांवें काडली गो बाय.
सुंगटांक दिवो जाय आशिल्लो."
ओहोटीला दारावर उजेड टांगला
की कोळंबी उजेडाच्या मागून जाळ्यात येते.
त्याचा कंदील विझला तेव्हा
दोन वाजून गेले होते.
म्हणजे ती निजली होती,
आणि उठायच्या आत तिचं काळीज
कोळंबीच्या कामी आलं.

मी बांधावरच बसले.
हसू येत होतं आणि गुडघे थरथरत होते,
दोन्ही एकाच वेळी, आवरता येईना.

भरती चढू लागली तशी
लाकडी दारं आपसूक मिटली.
कुणी सांगितलं नाही त्यांना.
मी तसं म्हटलं, तर कायतान दुखावला.
सांगत नाही कसं?
दर दोन पावसाळ्यांनी फळी बदलायची,
फटीत चिखल भरायचा,
खारं पाणी शेतात शिरलं की गाव
थेट त्याच्या दारात येतं.
चांगलं चाललं की कोण येतं?
कुणीच नाही, तो म्हणाला. मीही म्हणाले.

निघताना त्याने पळसाच्या पानात
मूठभर सुंगटं बांधून दिली.
बॅटरी मी मागितली नाही.

त्या रात्री नकाशावर एक ठिपका राखाडीच राहिला.
लिगोरियोने विचारलं, ही अजून हरवलेलीच?
मी कोळंबी सोलत होते.
नाही, म्हटलं,
ही एकच कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक आहे.